कानातली बाई

बाबांचे हेडफोन मी घरून ऑफिसचं काम करताना वापरायचे. ते माझ्या कॉम्प्युटरला जोडलेले होते आणि बाबांच्या फोनलाही. त्यामुळे संध्याकाळी बाबा फिरून जिन्यापर्यंत आले, की ऐन मीटिंगमध्ये माझ्या कानात एक बाई ठणकावून सांगायची, "कनेक्टेड!"

डोकंच फिरायचं माझं. "बाबा, बाहेर जाताना ब्लूटूथ बंद करत जा ना हो!"

"कशाला? बेल वाजवायची कटकट वाचते," ते हसायचे. कारण कितीही वैतागले, तरी मी उठून कडी काढायचेच.

बाबांना जाऊन महिना झाला. त्या बाईला हे कोणी सांगितलं नसावं. काल मीटिंग चालू असताना ती पुन्हा बोलली, "कनेक्टेड!"

मी सवयीनं उठले, पुटपुटतच कडी काढली, दार उघडलं. जिन्यात कोणीच नव्हतं.

मी धावत आतल्या खोलीत गेले. आई पलंगावर बसली होती. बाबा गेल्यापासून बंद असलेला त्यांचा फोन तिनं चालू केला होता आणि त्यातले फोटो ती बघत होती. कडीचा आवाज तिनंही ऐकला होता. मान वर न करताच तिनं विचारलं,

"आले का गं हे?"