लोखंडी फुफ्फुसातलं काम

आमच्याकडे ही शिवी नव्हे, लाडाचंच बोलणं. गाईंच्या धारा काढायला कुणी जरा उशिरा उगवला, कुंपणाची तार ओढता ओढता कुणी बिडी पेटवायला थांबला, की लगेच यायचं, "याला लोखंडी फुफ्फुसात घातला तरी काम करायचा नाही!" लोखंडी फुफ्फुस म्हणजे पोलिओनं छाती लुळी पडलेल्याला झोपवायची पेटी; तिच्यात माणसाचा श्वाससुद्धा यंत्रच घेतं. नुसतं पडून राहायचं. तिथंही हा अंग चोरील, असा त्याचा अर्थ. पण जो खरोखरच ऐतखाऊ, त्याला कुणी असं म्हणत नसे. त्याच्याबद्दल लोक गप्पच बसत. हे वाक्य आपल्या माणसासाठी राखलेलं.

माझ्या सासऱ्यांनी, अल्बींनी, ते आपल्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मर्व्हला इतक्यांदा ऐकवलेलं की त्याला नावानं हाक मारल्याचं मला फारसं आठवत नाही. आमच्या लग्नात भाषणाला उभे राहिले, तेव्हाही तेच. टास्मानियाच्या आमच्या त्या किनाऱ्यावर मर्व्हसारखा राबणारा दुसरा नव्हता आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर मांडव हसला.

पोलिओ आला त्या उन्हाळ्यात मर्व्ह दुधाचा कॅन उचलायला वाकला, तो उठलाच नाही. आमच्या रॉयला तेव्हा दातही आले नव्हते.

लोखंडी नुसतं म्हणायला; इस्पितळातली ती पेटी प्लायवुडची होती, पिवळट रंग दिलेली. मर्व्हचं तेवढं डोकं बाहेर, आणि डोक्यावर तिरका आरसा. लहान मुलांना आत सोडत नसत. म्हणून मी रॉयला कडेवर घेऊन बाहेर हिरवळीवर, उघड्या खिडकीशी उभी राही आणि मर्व्ह त्याला आरशात बघे. मग सासरे बाहेर येत, रॉयला घेत आणि मी आत जाई.

यंत्र श्वास बाहेर सोडी तेवढ्यातच त्याला बोलता येई. मग भात्यासारखा आवाज, थांबणं, आणि पुढचे दोन शब्द.

"डल्सी... डॅड माझ्याशी... बोलत नाही."

"अरे, दर रविवारी एवढ्या लांबून येतात, बोलत काय नाहीत?"

"आराम कर म्हणतो... घाई नको म्हणतो." भाता वाजला. "कुणाच्या... आजारी आजीशी... बोलावं तसं."

मी हसायला गेले. तो हसत नव्हता.

"एकदाही... म्हणाला नाही ते... कामाचं. म्हणजे मी... गेलोच ना... हिशेबातून."

रोज थोडा वेळ पेटी उघडून त्याला आपल्या आपण श्वास घ्यायला लावत. सिस्टर पायपर मला दाराशी गाठून म्हणाली, "बाई, तो झटतच नाही आता. उघडली की लगेच डोळ्यांनी 'बंद करा' म्हणतो. असं चाललं तर छाती भरेल. हिवाळा निघायचा नाही."

परतताना गाडीत मी विषय काढला. "डॅड, त्याला ते ऐकवा."

"काय?"

"तुमचं नेहमीचं."

त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. दोन्ही हात चाकावरच.

"याच तोंडानं? जन्मभर बडबडलो, डल्सी. वर कुणीतरी ऐकलं. मीच घातला त्याला तिथं."

"पोलिओनं घातला. तुम्ही नाही."

"तुला काय माहीत!"

आणि त्यांनी गाडी सुरू केली.

पुढच्या रविवारी मी रॉयला घेऊन खिडकीशी उभी होते. सासरे आत, टोपी हातात चुरगळत. सिस्टरनं पेटी उघडली. भात्याचा आवाज थांबला आणि सगळा वॉर्ड एकदम रिकामा वाटला. मर्व्हचे ओठ निळसर व्हायला लागले. त्यानं डोळ्यांनी खूण केली. सिस्टरचा हात झाकणाकडे गेला.

"सिस्टर," सासरे मोठ्यानं म्हणाले, "या माणसाचं तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. याला लोखंडी फुफ्फुसात घातला तरी..."

आरशात मर्व्हचे डोळे बापाकडे वळले. मग त्याची मान ताणली गेली आणि वासरू बादलीतलं दूध ओढतं तशी तो तोंडानं हवा ओढायला लागला. ओढायचा, गिळायचा, पुन्हा ओढायचा. कपाळावर घाम. चहाची गाडी वॉर्डाच्या या टोकाहून त्या टोकाला गेली, तरी सिस्टरचा हात झाकणावर नुसताच होता.

पेटी बंद झाली. भाता पुन्हा वाजू लागला. बऱ्याच वेळानं मर्व्ह म्हणाला, "डॅड... वाक्य... पुरं कर की."

"काम करायचा नाही. लेकाचा आळशी."

"कोण... म्हणतं?"

रॉय माझ्या कडेवर पाय झाडत होता. मी त्याला खिडकीच्या चौकटीत आणखी वर उचलला.

त्यानंतर मर्व्हनं एकदाही खूण केली नाही. पेटी सिस्टर बंद करी, तो नाही. रोज थोडं थोडं जास्त. आपल्या बळावर निम्मी दुपार काढण्यापर्यंत तो आला होता. मग थंडी आली आणि छाती भरलीच. त्याच पेटीत गेला. भाता कुणीतरी बंद करेपर्यंत त्याच्यासाठी श्वास घेतच होता.

वसंतात आम्ही साय घेऊन लोणी कारखान्यावर गेलो. कॅन उतरवणारा जॅक आपल्या पोराला ओरडला, "तुला लोखंडी फुफ्फुसात घातला तरी..." आणि त्याला आम्ही दिसलो. कानापर्यंत लाल झाला बिचारा. टोपी काढून उभा राहिला.

"म्हण, म्हण," सासरे कॅन उचलत म्हणाले. "माझ्यासाठी थांबू नकोस. फक्त ते खरं नाही. मी पाहिलाय एकाला, तिथं काम करताना."

मग ते गाडीत येऊन बसले. रॉय माझ्या मांडीवर झोपला होता. सासऱ्यांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. रॉयचं इवलंसं पोट वर-खाली होत होतं, तिकडे बघत राहिले.