तहानेचं मूळ

डब्लिनमधल्या शाळेच्या हॉलमध्ये मंडळाच्या गणपतीची आरती सुरू व्हायला अर्धा तास होता आणि आश्लेषाचं डोकं भणाणलं होतं. २००५ची स्मरणिका तिच्या हातात होती. इंग्रजी विभागात तिचा लेख होता, वर तिचं नाव होतं आणि मधोमध तिनं कधीच न लिहिलेलं वाक्य होतं: तहानेसाठी असलेला आयरिश शब्द ‘तार्त’ आपल्या ‘तृष्णा’पासून निघाला.

तिनं लिहिलं होतं ते वेगळंच. सुकणं, कोरडं पडणं अशा अर्थाचं एक फार जुनं मूळ. त्यातून तिकडे तार्त झाला, इकडे तृष्णा, आणि तृष्णेची आपली तहान. म्हणजे तार्त आणि तृष्णा या बहिणी, मायलेकी नव्हेत. याच मुद्द्यावर तिची पीएचडी उभी होती. आणि तिच्या गाइड, आयरिश शिकवणाऱ्या बाई, आज प्रमुख पाहुण्या म्हणून येणार होत्या. त्यांनी हे वाचलं की संपलंच.

संपादक श्रीरंगकाका मोदकांचे ट्रे मांडत होते.

“काका, हे वाक्य कुणी घातलं?”

“मी. तू फारच गुळमुळीत लिहिलं होतंस, म्हणून जरा स्ट्राँग केलं.”

“पण ते साफ चूक आहे!”

“चूक? आपल्या मुलांना प्राइड नको वाटायला? त्या गोऱ्या बाईला घाबरतेस, एवढंच. दरवर्षी इथे फुकट जेवता तुम्ही स्टुडंट्स, आणि वर आम्हालाच शिकवता?”

आश्लेषाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “लेख काढून टाका.”

“दोनशे कॉपीज प्रिंट झाल्यात. नाही काढत, जा!”

तिनं नावनोंदणीच्या टेबलावरचा काळा मार्कर उचलला, गठ्ठ्यापुढे फतकल मारली आणि एकेका प्रतीतलं स्वतःचं नाव खोडायला लागली. लोक बघायला लागले. तिला त्याची पर्वा नव्हती.

काका धावत आले. “अगं, काय हे! बिननावाचा लेख वाटू?”

“बिननावाचा कशाला? वाक्य तुमचं, नाव तुमचं घाला.” तिनं मार्कर त्यांच्यापुढे धरला.

तेवढ्यात दार उघडून गाइड बाई आत आल्या. काकांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“माझं नाव?” ते दबक्या आवाजात म्हणाले. “बाईंनी काही विचारलं तर? मला त्यातलं काय कळतं!”

आश्लेषानं पुढची प्रत ओढली.