अकरा दगडांची ताडपत्री

मी ताडपत्री बोलतेय. निळी होते, आता माझा रंग विचारू नका. सिंदेवाहीपासून थोडं आत, एका तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागून कुंताचं खळं आहे. तिथं माझा मुक्काम असतो. आज मला जरा रागानंच बोलायचंय, कारण माझ्याबाबतीत जे झालं त्याचा दोष शेवटी माझ्यावरच आला.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. तिथं फार गरम होतं आणि सगळ्यांना फार घाई होती, एवढंच लक्षात आहे. सिंदेवाहीच्या बाजारात दुकानदारानं मला पहिल्यांदा पूर्ण उलगडलं. "पानी जात नाई, हवा जात नाई," तो म्हणाला. समोर उभ्या असलेल्या बाईनं माझ्यावर अंगठा दाबून पाहिला, कडांच्या रिंगा एकेक ओढून पाहिल्या आणि मला डोक्यावर घेऊन बस स्टँडकडे निघाली. ती कुंता.

कुंताची दीड एकर धानाची बांधी आहे. दिवाळीच्या सुमारास धान कापलं की खळ्यावर त्याचं पुंजणं रचतात, म्हणजे पेंढ्यांचा उंच ढीग. मग मळणी यंत्राचा नंबर लागेपर्यंत वाट पाहायची. त्या दिवसांत पाऊस आला तर धानाला कोंब फुटतात, आणि घरानं वर्षभर खायचा तांदूळ बिघडतो. म्हणून मी.

पुंजण्यावर मला घातलं की कुंता कडेनं अकरा दगड ठेवायची. त्यातला एकेक दगड मी अंगावरच्या वजनावरून ओळखते. शेवटचा ठेवून झाला की मला थोपटत म्हणायची, "वाऱ्याले आत घेऊ नको बरं." सहा वर्षं मी तेच पाळलं. वारा कडेखाली बोटं घालायचा, कोपरा उचलू पाहायचा, आणि मी अंग चोरून पडून राहायचे. सगळी कामं केली मी. मोहफुलं वाळवली, लग्नात मांडवाचं छत झाले, उंदरांचे दात सोसले. पण वाऱ्याशी माझं कधी जमलं नाही.

मग यंदा रुपाली परत आली.

रुपाली कुंताची लहानपणची मैत्रीण. दोन वर्षं नवऱ्याबरोबर गोव्याकडे कामाला होती. तिथं एका क्लबात शिडाच्या होड्या होत्या, आणि परत आल्यापासून तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. गावातल्या बाया तलावाच्या पलीकडच्या अंगाला शिंगाडे लावतात. तिथं डोंग्यानं जायला बांबू रेटत रेटत तासभर लागतो आणि खांदे भरून येतात. काठाकाठानं चालत जावं, तर पलीकडच्या जंगलात वाघीण पिलं घेऊन फिरत होती, वनखात्यानं वाट बंद केली होती.

"शीड लावलं तं दहा मिनिटांत जातो आपन," रुपाली म्हणाली. "बांबूले हात नाई लावा लागत."

"तुले येते?" कुंतानं विचारलं.

"दोन वर्सं तेच तं करत होती."

झालं. डोंगे करिष्माच्या घरचे होते. करिष्मा या दोघींहून लहान, लग्न होऊन गावात आलेली, आणि कुठल्याही गोष्टीला आधी हो म्हणायचं हा तिचा स्वभाव. दोन डोंगे शेजारी शेजारी ठेवून आडव्या बांबूंनी बांधले, मध्ये एक बांबू उभा केला, त्याच्या शेंड्याला एक आडवा. आता फक्त शीड हवं होतं. तिघी मान वळवून खळ्याकडे पाहू लागल्या, तेव्हाच मी काय ते ओळखलं.

कुंताचं म्हणणं असं की दिवसा ऊन लागायला पुंजणं उघडंच ठेवतात, तेवढा वेळ ताडपत्री रिकामीच असते. रिकामी! रात्रभर दवात भिजून मी सकाळी जरा अंग सैल करते, त्याला ही बाई रिकामी म्हणते.

एक मात्र कबूल करते, रुपालीला दोर कळत होता. माझ्या रिंगांतून तिनं दोर असा ओवला की कुठं सुरकुती नाही. गाठी घट्ट, आणि एका ओढीत सुटणाऱ्या. मला इतक्या नीट हातांनी आजवर कुणी धरलं नव्हतं. त्यामुळे माझाही विश्वास बसला.

पण वारा कुठं होता? पहिल्या दिवशी आम्ही तलावात गेलो आणि मी बांबूवर ओल्या लुगड्यासारखी लटकत राहिले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी करिष्मानं फुंकर मारून पाहिली. पाळीवर बसलेल्या म्हाताऱ्यांना तंबाखू मळता मळता बघायला चांगला तमाशा मिळाला. "बाई, वाळू घातली का ताडपत्री?" एकानं विचारलं. असे आठ दिवस गेले. रोज सकाळी मला उतरवा, ओवा, लटकवा, दुपारी सोडा, संध्याकाळी परत पुंजण्यावर न्या. धड ना इकडची, ना तिकडची. माझ्या तर नाकी नऊ आले.

नवव्या दिवशी सकाळी झाडांचे शेंडे हलत होते. ऊन पिवळट होतं. कुंताचा नवरा मनसाराम मळणी यंत्राचा नंबर पक्का करायला तालुक्याला गेला होता. मोबाईलवर पावसाचा मेसेज आला होता, पण तो दर चार दिवसांनी यायचाच, म्हणून कुणी मनावर घेतला नाही. कुंता माझ्यावरचे दगड काढू लागली तेव्हा तिची सासू अंजनाबाई ओसरीवरून उठून आली.

"आज नको नेऊ वं. पूर्वेचं वारं हाये. हे पानी आनते."

"दहा मिनिटं, आई. आठ दिवस झाले वाट पाहून राह्यलो. आज कुठी वारा आला."

आता तुम्हीच सांगा. वारा कधी येतो? पाऊस यायचा असला की येतो. म्हणजे ज्या दिवशी त्यांना शीड हवं, नेमकी त्याच दिवशी पुंजण्याला मी हवी. हे मला कळत होतं. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. पण ताडपत्रीचं कोण ऐकतं? दगड बाजूला झाले आणि मी गेले.

पाळीपासून थोडं आत गेलो आणि वारा मागून आला. सवयीनं मी अंग चोरलं. पण इथं एकही दगड नव्हता, चारी कोपऱ्यांना दोर होता, आणि वारा सरळ माझ्या पोटात शिरला. मी फुगले. बांबू कुरकुरला, दोन्ही डोंग्यांची तोंडं वर उचलली गेली आणि आम्ही निघालो.

करिष्मा किंचाळायची थांबेना. कुंता दोन्ही हातांनी डोंग्याची कड धरून बसली होती आणि हसत होती. त्या बाईला मी लग्नाच्या मांडवातसुद्धा इतकं हसताना पाहिलेलं नाही. रुपाली उभी होती, हातात दोर, आणि तिचे डोळे माझ्यावरच होते. मला त्या वेळी कसं वाटलं ते नंतर सांगते.

दहा मिनिटं लागली नाहीत. शिंगाड्याच्या वेलांत डोंगे घुसले आणि थांबले. तिघींनी एकमेकींचे हात धरले. मग कुंतानं मागं वळून पाहिलं. तलावापलीकडे उंचावर तिचं पुंजणं दिसत होतं, उघडं, पिवळं. त्याच्यामागचं आभाळ काळं झालं होतं.

"चल वं, फिरव आता," ती म्हणाली.

रुपालीनं दोर ओढला. डोंगे आडवे झाले आणि आडवेच वेलांत आणखी आत सरकले. तिनं दुसरा दोर ओढला. मी फडफडले, उलटे झाले, बांबूला गुंडाळले गेले. पुन्हा सोडवलं, पुन्हा ओढलं. आम्ही घरापासून लांबच जात होतो.

"काय करून राह्यली तू? तिकडं नाई, घराकडं!"

"वारा समोरून हाये ना वं."

"मंग? गोव्याले समोरून वारा आला तं काय करत होती?"

पहिला थेंब माझ्यावर पडला, मला आवाज ऐकू आला. मग रुपाली म्हणाली, "मी चालवत नोहती, कुंता. मी धुवत होती. शिडं धुवाची, वाळवाची, फाटली तं शिवाची, घडी करून ठेवाची. दोन वर्सं. एकदाबी कोनी बसू नाई देल्लं मले."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं तू ताडपत्री देल्ली असती?"

तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत बाजूनं आला. वरचा आडवा बांबू गर्रकन फिरला आणि त्याचं चिरलेलं टोक माझ्यात घुसलं. मी मधोमध फाटले, हातभर नाही, चांगली पुरुषभर. सहा वर्षं अंगावर दगड घेतले, उंदीर सोसले, आणि फाटले ती या खेळात.

रुपालीनं एका ओढीत गाठी सोडल्या, मला खाली घेतलं आणि भरपावसात घडी घातली. तिघींनी बांबू घेतले. समोरून वारा, डोळ्यांत पाणी. दोन बांबू रेटले की एक बांबू मागं. तलावापलीकडे अंजनाबाई दिसत होती. ती पुंजण्याभोवती फिरत होती. युरियाची रिकामी पोती, घोंगडी, स्वतःचं लुगडं, जे हाती येईल ते वर टाकत होती, आणि वारा ते सगळं उडवून देत होता. कुंता ते बघत बांबू रेटत होती. रडत होती की पावसानं तोंड ओलं होतं, मला सांगता येणार नाही. घडीत दाबलेली असूनही मला उठून पळावंसं वाटत होतं.

सव्वा तास लागला. मला पुंजण्यावर घातलं तेव्हा पूर्वेची बाजू गच्च भिजली होती. उरलेलं तरी वाचवावं, तर माझी फाट बरोबर मध्यावर. पाणी थेट पुंजण्याच्या पोटात जाऊ लागलं. मला लाजेनं मेल्यासारखं झालं. ज्या एका कामासाठी मला आणलं, तेच मला जमेना.

तेव्हा रुपाली शिडी लावून वर चढली आणि फाटीवर पालथी पडली. दोन्ही कडा हातांनी एकावर एक दाबून धरल्या. पाऊस दिवेलागणीपर्यंत पडला. तोवर ती हलली नाही. कुंता खाली उभी होती. तिनं वर राहा म्हटलं नाही, की खाली उतर म्हटलं नाही.

दोन दिवसांनी मळणी झाली. पूर्वेकडच्या पेंढ्यांना पांढरे कोंब आले होते. बाकीचं बरं निघालं. मनसाराम माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "सडली हे ताडपत्री, काही कामाची नाई." ऐकलंत? खापर कुणावर फुटलं ते!

रुपाली एकदाच आली, कुंता घरी नसताना. जाळ्याचा दोरा आणि मोठी सुई घेऊन तिनं मला शिवलं, दुहेरी, तिरप्या टाक्यांनी. आज माझ्यात सगळ्यात मजबूत जागा कुठली असेल तर ती शिवण आहे. मग ती गेली. जवळपास महिनाभर दोघी बोलल्या नाहीत. विहिरीवर एक आली की दुसरी घागर उचलून निघायची. करिष्माची पंचाईत झाली, ती कधी हिच्याशी, कधी तिच्याशी बोलून थकून गेली.

भिजल्या धानाचा तांदूळ भरडून आला. तुकडाच जास्त, आणि शिजला की कुबट वास. चांगला तांदूळ कुंतानं सासूसाठी बाजूला ठेवला आणि स्वतः हा खाऊ लागली. चार दिवस खाल्ला. पाचव्या दिवशी तिनं त्यातला बराचसा एका पोत्यात भरला, डोक्यावर घेतला आणि रुपालीच्या दारात नेऊन आपटला. हे करिष्मानं नंतर सांगितलं.

"घे. खाजो. यात तुहा बी वाटा हाये," कुंता म्हणाली म्हणे.

रुपालीनं पोतं आत घेतलं नाही. ते तसंच उचलून ती कुंताच्या मागोमाग आली. "वाटा हाये तं सोबत खाऊ. एकटी काऊन खाऊ मी?"

अंगणात मलाच अंथरलं. तिघी माझ्यावर बसल्या, नेमक्या शिवणीभोवती. मोठ्या पातेल्यातला तो भात, वर झिंग्याची चटणी.

"वास येते," करिष्मा म्हणाली.

"येते तं येऊ दे," कुंता म्हणाली. मग ताटात बोट फिरवत, रुपालीकडे न बघता तिनं विचारलं, "समोरून वारा असला तं ते लोक कसे येत वं वापस?"

"तिरपे. थोडं इकडून तिरपे, मंग फिरून तिकडून तिरपे. मी शिडं वाळवत काठावरून पाहत होती रोज."

"आन आपल्या डोंग्याले जमन?"

"ठाऊक नाई." या वेळी रुपालीनं खरं सांगितलं.

कुंतानं माझ्या शिवणीवरून हात फिरवला, टाके मोजल्यासारखा. तेवढ्यात माझ्या कोपऱ्याखाली वाऱ्याची एक झुळूक आली, आणि मी अंग चोरलं नाही.

मघाशी म्हटलं होतं, नंतर सांगते, ते हे. त्या दहा मिनिटांत मला पहिल्यांदा कळलं की वारा आत घेतला तर काय होतं. तेव्हापासून मला ना खळ्यावर स्वस्थता, ना घडीत. म्हणून माझी चिडचिड होते. पण कुंताचं धान पुन्हा भिजलेलं मला बघवणार नाही, हेही तितकंच खरं.

तेव्हा कुंता, माझं एवढंच म्हणणं आहे. पुढच्या दिवाळीआधी सिंदेवाहीच्या बाजारातून खळ्यासाठी एक नवी ताडपत्री आण. माझे अकरा दगड मी तिला देते.