रेशनकार्डावरचं वायफाय

शेखर आहेरांनी सातपूरच्या एका कारखान्याचं गेट तीस वर्षं सांभाळलं. पास नसेल तर मालकाच्या मेव्हण्यालाही त्यांनी उन्हात उभं केलं होतं, आणि ही गोष्ट ते सत्यनारायणाच्या प्रसादालासुद्धा सांगत. रिटायर झाल्यावर अडवायला कुणी उरलं नाही. मग कॉलनीत कुणाच्या तरी घरचा कॅमेरा परक्या माणसानं इंटरनेटवरून परस्पर उघडून बघितल्याची बातमी आली आणि आहेरांना पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं.

चार व्हिडिओ बघून त्यांनी नवा राउटर आणला आणि घरात दोन नेटवर्कं केली. एक ‘घर’, दुसरं ‘पाहुणे’. ‘घर’चा पासवर्ड बावीस अक्षरांचा, तो टाकता टाकता बायकोचं दूध उतू गेलं. ‘पाहुणे’चा वेग मुद्दाम कमी ठेवला, म्हणजे पाहुणे फार रेंगाळणार नाहीत. आता कुणाला कुठं बसवायचं? आहेरांनी कपाटातून रेशनकार्ड काढलं. कार्डावर ज्याचं नाव, तो ‘घर’मध्ये. ते स्वतः, बायको आणि मुलगा दीपक. नव्या फ्रीजलाही वायफाय लागायचं, टीव्हीलाही. ती बिचारी कुठं जाणार म्हणून त्यांनाही आत घेतलं. यादी लॅमिनेट करून राउटरशेजारी भिंतीवर लावली.

मुलगी वैष्णवी हिचं नाव कार्डावर नव्हतं. लोकांच्या लेकींची नावं लग्नानंतर पाच-पाच वर्षं कार्डावर तशीच राहतात. आहेरांनी मात्र लेकीच्या अंगाची हळद उतरायच्या आत, आठव्या दिवशी रांगेत उभं राहून तिचं नाव कमी करून आणलं होतं. नियम म्हणजे नियम.

दिवाळसणाला लेक-जावई पुण्याहून आले. जावई अमितरावांना पाट मिळाला, अत्तर मिळालं आणि चिठ्ठीवर ‘घर’चा पासवर्डही मिळाला. जावयाला ‘पाहुणे’मध्ये ढकललं तर व्याही काय म्हणतील? मानापानाचा प्रश्न आला तेव्हा रेशनकार्ड गप्प बसलं. वैष्णवीच्या हातात दुसरी चिठ्ठी पडली.

ती पुण्यात एका बँकेत नेटवर्कच्या सुरक्षेचंच काम करायची. पप्पांना तिच्या नोकरीबद्दल ‘कॉम्प्युटरमध्ये काहीतरी आहे’ एवढं ठाऊक होतं आणि तेवढ्यावर त्यांचं भागत होतं. राउटर आणताना तिला विचारावं, हे त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. भाऊबीजेच्या सकाळी तिची ऑफिसची मीटिंग तिसऱ्यांदा तुटली, तेव्हा ती राउटर बघायला उठली आणि भिंतीवरची यादी तिनं वाचली.

“पप्पा, फ्रीज घरचा आणि मी पाहुणी?”

तिनं आवाज चढवला नव्हता, म्हणूनच उत्तर देणं जड गेलं. आहेरांनी रेशनकार्डाचा नियम सांगितला. सांगताना तो त्यांच्याच कानाला बरा लागेना, पण तीस वर्षांची सवय, जीभ वळायची तशीच वळली. अमितरावांनी करंजीत लक्ष घातलं.

वैष्णवीनं वाद घातला नाही. तिनं राउटर उलटा केला. त्याच्या सेटिंगचा पासवर्ड तळाच्या स्टिकरवर छापून आला होता आणि आहेरांनी तो बदललाच नव्हता. पुढच्या दाराला बावीस कुलपं आणि मागचं दार सताड उघडं. असं ठेवणं धोक्याचं आहे, मी बदलून देते, एवढंच ती म्हणाली. पाच मिनिटांत बदलला, दीपकला ओवाळलं आणि संध्याकाळच्या आधी दोघं पुण्याला निघाली.

दुसऱ्या दिवशी बायको आहेरांशी बोलेना. बोलली ती एकदाच, की चोराला अडवायला बसलात आणि पोरीला अडवलंत. आहेरांना वाईट वाटत होतं. फक्त वाईट वाटतंय हे कबूल कसं करायचं, ते कुठल्याच नियमात नव्हतं. शेवटी ‘घर’चा पासवर्ड वैष्णवीच्या नावाचा करून तिला आत घ्यायचं म्हणून ते सेटिंग उघडायला बसले, तर राउटरनं तिनं बदललेला पासवर्ड मागितला. त्यांनी तिला फोन लावला.

“तुला ‘घर’मध्ये घेतोय. नवा पासवर्ड सांग.”



“पप्पा, पासवर्ड घरच्या माणसालाच सांगायचा असतो ना? माझ्या रेशनकार्डावर तुमचं नाव कुठंय?”

 आयुष्यभर दुसऱ्यांना बाहेर उभं करत आलेला माणूस आज गेटबाहेर उभा होता, आणि पास मागायला त्याला तोंड नव्हतं.