घुंगुरकाठीची तीन मिनिटं

"इलो रे इलो! देव इलो!"

शुक्रवारची दुपार. हमरिया फ्री झोनच्या मागे असलेल्या कामगार कॅम्पात, अकरा नंबरच्या खोलीत चाळीस माणसं कोंबलेली. भिंतीपलीकडून आवाज येत होता. छुन्न... ठक. छुन्न... ठक. सिंधुदुर्गातल्या माणसाला हा आवाज समजावून सांगावा लागत नाही. गावचा राखणदार देव रात्री घुंगुरकाठी आपटत शिवेवरून फेरी मारतो, ती अशीच वाजते म्हणे. आता तो समुद्र ओलांडून आखातात आला होता. त्याचा व्हिसा कुणी काढला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

मधोमध फरशीवर सोमनाथ पडला होता. सकाळी साइटवर सळ्या बांधताना कोसळला, तेव्हापासून बरळत होता. त्याच्या डोक्याशी देवदत्तबुवा वेताची छडी घेऊन उभे. बुवांना कॅम्पात येऊन वर्ष झालं नव्हतं, पण निम्म्या कॅम्पाच्या अंगठ्या आणि घड्याळं 'राखण' म्हणून त्यांच्या पेटीत गेली होती. सोमनाथने मात्र लग्नातली अंगठी द्यायला साफ नकार दिला होता.

"बा देवा म्हाराजा," बुवांनी गाऱ्हाणं घातलं, "ह्या लेकरान तुझी राखण चुकवल्यान!"

"व्हय म्हाराजा!" चाळीस गळे ओरडले.

"म्हणान तू ह्येका धरलस!"

"व्हय म्हाराजा!"

सपकन छडी बसली. पाठीवर, मानेवर, मग डाव्या कानशिलावर. कानातून रक्ताची बारीक धार गळ्यावर उतरली. सोमनाथ ओरडलासुद्धा नाही. लोकांनी हात जोडले.

दगडू नुकताच ड्यूटीवरून आला होता, खांद्याला हत्यारांची पिशवी तशीच. तो एसी मेकॅनिक. त्याचं निम्मं काम कानानेच चालायचं. गावी असताना कौलांवर उंदीर पळतोय की खार, हे तो अंथरुणातून सांगायचा. बांबूच्या बेटात कुणी रडतंय म्हणून अख्खी वाडी दारं लावून बसली, तेव्हा हा जाऊन एकमेकांवर घासणारे दोन बांबू तोडून आला होता. इथे टिपर मागे येतानाची पिकपिक, बेअरिंगची घरघर, बंदरातल्या बोटीचा भोंगा, सगळं ओळखीचं. आवाज आला की आधी तो कशाचा हे बघायचं, घाबरायचं नंतर.

बुवांचा हात झब्ब्याच्या खिशात गेला आणि घुंगुरकाठी थांबली.

"देव रुसलो! परत गाऱ्हाणा घालूक व्हया!"

दगडूने वर पाहिलं. एसीतून येणारी हवा गरम होत चालली होती. त्याने मोबाइलचं घड्याळ धरलं. बुवांचं गाऱ्हाणं, छड्या, व्हय म्हाराजा... बरोबर तीन मिनिटं. छुन्न... ठक. पुन्हा हात खिशात, पुन्हा तीन मिनिटं. मग तिसऱ्यांदा हात खिशात गेला आणि काठी थांबली.

दगडूच्या डोक्यात सणक गेली. एसी बंद करून लगेच चालू केला तरी बाहेरचा कॉम्प्रेसर तीन मिनिटं सुरू होत नाही, आत नुसता पंखा फिरतो, हे एसीवाल्याचं पोरगंही सांगेल. त्याने पुढे घुसून सोमनाथच्या छातीला हात लावला. तव्यासारखी तापलेली, आणि घामाचा थेंब नाही.

"छडी टाका बुवा! ह्येका ऊन लागला. मरतलो हो!"

"तू एसीवालो! तुका देवातला काय कळता?"

"एसीतला कळता. तेवढा पुरे."

मागून कुणीतरी बुक्की घातली. दगडूचा ओठ फाटला. दोघांनी त्याचे दंड धरले, तिसऱ्याने पोटात लाथ मारली. तरी तो उसळला, दातांनी बुवांच्या झब्ब्याचा खिसा धरला आणि ओढला. टर्रकन कापड फाटलं. फरशीवर खळ्ळकन रिमोट पडला.

दगडूचे दंड धरलेले हात सुटले.

"आता कोणी गाऱ्हाणा घालू नका," दगडू रक्त थुंकत म्हणाला. "देवाक बोलवू नका. तो आपणहून येतलो. पाणी आणा! चादरी भिजवा! गनीभाई, ९९८ लगाओ, यल्ला! और बाहर की मशीन भी देखो!"

दारात उभ्या असलेल्या गनी ड्रायव्हरने अॅम्ब्युलन्सला फोन लावला आणि बाहेरच्या मशीनकडे धावला. बादल्या आल्या. खोलीत फक्त पाणी ओतल्याचा आणि सोमनाथच्या घरघरत्या श्वासाचा आवाज. बुवा दाराकडे सरकत होते. दार माणसांनी भरलेलं.

तीन मिनिटं झाली. कुणी गाऱ्हाणं घातलं नव्हतं.

छुन्न... ठक.

तेवढ्यात बाहेर काहीतरी ताणून तोडल्याचा आवाज आला आणि घुंगुरकाठी मेली. गार हवा मात्र चालूच. गनी आत आला. त्याच्या हातात वाकडी तार, तारेत चार घुंगरू आणि एक जड नट.

"तांबे के पाइप से बँधा था. पाइप हिलता, ये बजता. इस बुवा को मैं जानता है. खोर फक्कान में एसीवाले का हेल्पर था. चोरी किया, खलास, निकाल दिया."

मग जे व्हायचं तेच झालं. लोक बुवांवर तुटून पडले. तीच छडी, तेच हात. बुवांचं नाक फुटलं. दगडूने मध्ये घुसून छडी हिसकावली आणि गुडघ्यावर मोडली.

"ह्येका पोलिसांत देऊया. पण माका सांगा, व्हय म्हाराजा कोण बोंबलत होता? देव चालूक व्हयो म्हणान हो बुवा एसी बंद करी, आणि तितको वेळ सोमनाथ आत शिजत होतो. तुमच्यापैकी एकाक तरी गरम झाला मां? कोणी वर बघल्यान?"

 लांबून अॅम्ब्युलन्सचा भोंगा आला. तो कशाचा, हे या वेळी कुणाला विचारावं लागलं नाही.

सोमनाथ वाचला. अंगठी त्याच्या बोटातच आहे. पण डाव्या कानाचा पडदा फाटला, त्या कानाने त्याला आता काहीच ऐकू येत नाही. कॅम्पात कुणी भेटलं की तो मान वळवून उजवा कान पुढे करतो.

तुमचे दोन्ही कान शाबूत आहेत ना? मग भिंतीपलीकडे काही वाजलं तर हात जोडू नका. उठा, बाहेर जा, आणि काय वाजतंय ते बघा.