मास्तरची काठी

परतूरच्या गोरक्षनाथच्या बँडात राजानंद मास्तर पुढं लाल कोटात, बँडाला पाठमोरा उभा राहून काठी हलवायचा, आणि बँड आपल्याच काठीवर चालतो अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. वाजवणारे मात्र बडा ढोल वाजवणाऱ्या कडूबाच्या पोटाकडं बघायचे. ढोलामागं पोट उसळलं की ठोका पडला. काठीबद्दल कुणाची तक्रार नव्हती; ती मधे येत नव्हती.

यंदा गोरक्षनाथनं भलामोठा स्पीकर आणला. टेम्पोत जागा पुरेना.

"एक माणूस कमी करावा लागंल," तो म्हणाला. वाजवताना कधीच न बघणाऱ्या सगळ्यांनी एकदम मास्तरकडं बघितलं.

"काठीला काय, ती टेम्पोच्या टपावर बी बसंल," कडूबा म्हणाला.

मास्तर पेटला. मनाशी म्हणाला, आज मधेच काठी थांबवतो. सुरांचा चिखल होऊ द्या, मंग कळंल.

वाटूर गावात वरात ऐन रंगात आली आणि मास्तर काठी काखेत मारून पानटपरीच्या फळीवर जाऊन बसला. बँड पुढं गेला. नुसता गेला नाही, बराबर गेला. क्लॅरनेटवाल्या माऊलीनं तर डोळे मिटून तान घेतली आणि डोळे उघडले ते थेट कडूबाच्या पोटावर. मास्तरनं त्या नजरेमागं नजर नेली. मग दुसऱ्याच्या. मग तिसऱ्याच्या. बारा वाटा, एकच पोट. त्याच्या हातातलं पान तसंच राहिलं.

तेवढ्यात नवरदेवाचा मामा रामप्रसाद नाचता नाचता थांबला.

"ओ, काठीवाला कुठं गेला? काठी न्हाई, लाल कोट न्हाई! ही वरात हाये का मयत? शूटिंगात काय दिसंल?"

"हाये मामा, हाये!" म्हणत गोरक्षनाथ टपरीकडं पळत आला. "उठ की मास्तर! गिऱ्हाईक बोंबलून राह्यलं!"

त्या दिवशी मास्तरची जागा पक्की झाली. माणूस तर कमी करायचाच होता. माऊलीला काढला. स्पीकरपुढं त्याचं क्लॅरनेट तसंही कुणाला ऐकू येत नव्हतं.

मास्तरला फार वाईट वाटलं. टेम्पोत माऊलीच्या जागेवर पाय पसरून बसल्यावर वाटलं.

पुढच्या वरातीत तो बँडाकडं तोंड करून उभा राहिला, कडूबाच्या पोटावर नजर रोवली आणि पोट उसळलं तशी काठी खाली आणली.

"मास्तर," गोरक्षनाथ खूश होऊन म्हणाला, "आता कुठं तुझा हात बसला बघ!"