निळ्या गाडीपाशी

या, जरा जवळ सरकून बसा. टाळ्या मागाहून वाजवा, आधी कान इकडे द्या. ओफेलिया बॅरिएंटोसची गोष्ट सांगायची आहे.

बदामाच्या कारखान्यात अकरा वर्षं काढलेली ही बाई चाळिशीत गावातल्या दोन वर्षांच्या कॉलेजात शिकली आणि तिथून थेट विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आली. संख्याशास्त्राच्या पहिल्या परीक्षेत शंभरात अडतीस! दुसरी परीक्षा शुक्रवारी. त्यातही गडगडली, तर शिक्षिका व्हायचं विसरा.

अडलं होतं एकाच ठिकाणी, पण सरांना गाठायचं कसं? जुन्या कॉलेजातले सर तासापुरते नेमलेले, दिवसात तीन गावं करणारे. त्यांना खोली कुठली? ते गाडीच्या डिकीवर वही ठेवून समजावायचे. इथेही तसंच असणार असं धरून ओफेलिया रोज दुपारी विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या पार्किंगमध्ये, वही छातीशी धरून, संख्याशास्त्राच्या लिंडक्विस्ट सरांची वाट बघत उभी. तीन आठवडे!

बाहेरच्या कॉलेजांतून आलेल्यांना सांभाळायला विद्यापीठानं साठीची मार्व्हेल ओक्स नेमली होती. मंगळवारी तिनं ओफेलियाला हेरलं.

“काय गं बयो, गाड्या राखतेस की काय?”

“लिंडक्विस्ट सर यायचेत.”

“इथे? अगं, तो माणूस सायकलवर येतो! आणि त्याच्या दारावर वेळ लिहिलीय ना, मंगळवारी दोन ते चार?”

“लिहिलीय की. म्हणजे तेव्हा ते कामात असणार. मध्येच कशाला कडमडायचं?”

मार्व्हेलनं कपाळावर हात मारला. “बाई माझे, तू येशील म्हणूनच बसतो तो! चल.”

सर एकटेच संत्रं सोलत बसले होते.

“या, या! कुणी फिरकतच नाही. मला वाटलं, मी फारच छान शिकवतो.”

“हो ना, सर,” मार्व्हेल म्हणाली, “इतकं छान, की ही तीन आठवडे उन्हात उभी होती.”

सरांचे कान लाल झाले. त्यांनी अर्धं संत्रं ओफेलियापुढे सरकवलं आणि तिची वही ओढली. चार वाजून गेले तरी दोघं उठले नाहीत.

दुसऱ्या परीक्षेत एकाहत्तर! निकाल घेऊन ओफेलिया मार्व्हेलकडे धावली.

“पण मी पार्किंगमध्ये सापडेन, हे तुम्हाला सुचलं कसं?”

“तुझ्यासारखीच बाहेरून इथे शिकायला आले, तेव्हा मी अख्खं सत्र उभी होते गं, सरांची समजून एका निळ्या गाडीपाशी. ती माळीबुवांची निघाली. त्या सत्रात नापास झाले.”

ओफेलिया खो खो हसली. दुसऱ्या दिवसापासून दुपारी ती पुन्हा पार्किंगमध्ये जाऊ लागली, वही धरून आणखी कोण उभं आहे ते बघायला.

ओफेलियाचं आता ठीक आहे, मंडळी. देवापुढे हात जोडाल तेव्हा निळ्या गाडीपाशी उभ्या असलेल्या तरुण मार्व्हेलला तेवढं आठवा. तिला हाताला धरून न्यायला कुणी आलं नव्हतं.